महाराज पान पाचवर आहेत

संस्थानं विलीन होऊन जमाना झाला, तरी मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक राजा अजून गादीवर आहे. बळीराजा. गादी म्हणजे बांध, आणि बसणं उकिडवं. जूनमध्ये पाऊस लांबला की तो ‘हवालदिल’ होतो, सरी आल्या की ‘सुखावतो’, त्याच सरी थांबेनाशा झाल्या की ‘चिंतातुर’ होतो. उरलेला काळ आभाळाकडे डोळे लावून बसतो. फोटोही ठरलेला: भेगाळलेली जमीन, कपाळावर आडवा हात, खाली बारीक अक्षरांत ‘संग्रहित छायाचित्र’. दरबारी तैलचित्र म्हणायचं तर हेच.

मथळ्यात जागा कमी असते म्हणावं, तर ‘शेतकरी’ही चार अक्षरी आणि ‘बळीराजा’ही. तेव्हा मामला निव्वळ प्रेमाचा आहे. फक्त पिकाची वाट लागल्याशिवाय ते उफाळून येत नाही.

कांद्याचंच घ्या. लासलगावला भाव कोसळले की कांदा बळीराजाला रडवतो. भाव चढले की तोच कांदा गृहिणींना रडवतो, आणि त्या बातमीत साठेबाज, दलाल, अवकाळी, सणासुदीची मागणी असे सगळे हजर असतात; राजा औषधालाही सापडत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, बंदी उठायला मे २०२४ उजाडला. अशा दिवसांत एकाच दैनिकाला शहराच्या पानावर ‘दिलासा’ आणि जिल्ह्याच्या पानावर ‘अश्रू’ छापता येतात. दोन्ही पानं एका घरात जात नाहीत म्हणून भागतं. अर्थवृत्तात तर तो माणूसही उरत नाही, ‘ग्रामीण मागणी’ होतो. ती वाढणार म्हणून ट्रॅक्टर कंपन्यांचे समभाग वधारतात.

राजाने हवालदिल व्हावं, पण जागच्या जागी. महामार्गावर दूध ओतलं की तो ‘आंदोलक’ झाला, आणि हवालदिल होण्याचा मान गाड्यांत अडकलेल्या प्रवाशांकडे गेला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो माणसं मुंबईपर्यंत चालत आली. दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून शीवच्या सोमय्या मैदानावरून रात्रीतच आझाद मैदानाकडे निघाली, तीही फोड आलेल्या पायांनी. त्यांतल्या अनेकांचं मागणं एवढंच होतं, की पिढ्यान्‌पिढ्या कसतोय ती वनजमीन नावावर करा. राजे खरे, पण राज्याचा सातबारा नाही! वर्तमानपत्रांनी त्यांना नाव दिलं ‘लाल वादळ’, म्हणजे महाराजांची बदली थेट हवामान खात्यात.

राणीचा कुठे पत्ता नाही. निंदणी-खुरपणीला दिवसभर वाकलेली ती बातमीत ‘महिला मजूर’ असते.

इंदिरा गांधींच्या सरकारने १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद केले. या राजाचा तनखा उलट २०१९ मध्ये सुरू झाला: केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये, आणि २०२३ पासून वर राज्याचे ६,०००. महिन्याकाठी हजार पडतात. मात्र तनखा घेताना महाराज ‘लाभार्थी’ होतात आणि ई-केवायसीसाठी महा ई-सेवा केंद्रात रांगेत उभे राहतात. विळा-खुरपं धरून झिजलेला अंगठा यंत्राला काही ओळखू येत नाही. पोरगा म्हणतो, “काका, पुसून लावा.” काका धोतराच्या सोग्याला पुसून लावतात. “जरा दाबून.” दाबतात. “दुसऱ्या हाताचा बघू.” तोवर सर्व्हर जातो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत हे काका आकडा म्हणून येतात, ‘वंचित लाभार्थी’ या सदराखाली.

आणि एका बातमीत त्याला राजा म्हणायला कुणाचीच जीभ रेटत नाही. ती एका कॉलमात मावते, ‘कर्जबाजारी शेतकऱ्याने’ अशी सुरू होते आणि गावाचं नाव, वय, मागे कोण कोण एवढं सांगून संपते. पुढचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीचं. जमीन कुणाच्या नावावर होती? कर्ज बँकेचं की सावकाराचं? वसुलीचा तगादा होता का? त्यावर एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र ठरतं. सावकार बिनपरवान्याचा निघाला, तर अपात्र.