फियाटकाका

फियाटकाका तुमच्याही गल्लीत असणारच. आमचे बोईसरचे, टॅप्समधून निवृत्त. टॅप्स म्हणजे तारापूरचं अणुवीज केंद्र; तिथे 1969 पासून कंडेन्सर थंड करायला अख्खा अरबी समुद्र लागतो. तिथे उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाच्या ताब्यात आता फियाटचं, म्हणजे पद्मिनीचं, 1089 सीसीचं इंजिन आहे. त्यामुळे कुणी कुठेही पाण्याचं नाव काढलं, की काका विचारणार, "कुठलं?"

चहा पुढे केला, "पाणी कुठलं?" पालघरच्या लग्नात वरमाईने सरबत दिलं, "बोअरचं की नळाचं?" सत्यनारायणाच्या तीर्थालाही सोडलं नाही. भटजी म्हणाले, "गंगेचं." काका म्हणाले, "मग गाळ असेल."

कारण न विचारता सांगतात. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी ओतलं, की धातू एकमेकांना खायला उठतात. तांबडा गाळ शेवटच्या सिलिंडरमागे जाऊन बसतो आणि वाघोबाच्या घाटात काटा लालवर चढतो. एका मेकॅनिकने रेडिएटरची गळती थांबवायला हळद टाका म्हटलं. काका म्हणाले, "खरचटलंय का तिला?"

मग ठरावीक काळाने अभिषेक. थर्मोस्टॅट काढायचा, सायट्रिक ॲसिड घालून इंजिन तापवायचं, ड्रेन कॉक सोडायचा, मग उलट्या बाजूने पाण्याचा मारा, स्वच्छ येईपर्यंत. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. नुसतं डिस्टिल्ड घालणारे काकांच्या मते अर्धशिक्षित. निघालेल्या तांबड्या पाण्याचे नमुने तारखा घालून बाटल्यांत. काकूंनी एकदा त्यातली एक कोकमाचं आगळ समजून पाहुण्यांसमोर ठेवली. पाहुण्यांनी बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "पाणी कुठलं?" काकांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता.

या माणसाचं कौतुक करणं जिवावर येतं, पण करावं लागतंय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूर देशात पहिलं आलं. पेढे कुणी वाटले नाहीत, पाण्याचीही कुणी चौकशी केली नाही. सूर्या नदीचं पाणी वसई-विरार, मीरा-भाईंदरला न्यायला रोज 403 दशलक्ष लिटरची योजना झाली. आमच्या पाड्यांवरच्या बायका हंडा घेऊन चालतच राहिल्या. आम्ही सगळे टँकरच्या पाइपाखाली गुपचूप बादली लावतो.

निवडणुकीत उमेदवार सोसायटीत आले. "घरोघरी पाणी देऊ!"

मागून आवाज आला, "कुठलं?"

"काका, पाणी ते पाणी!"

"एवढ्या उत्तरावर मी गाडीतसुद्धा घालत नाही."

कुणी हसलं नाही. उमेदवारांनी सीलबंद बाटली फोडून घोट घेतला आणि रस्त्यांवर बोलायला सुरुवात केली.