व्हीटेकदादा

राहुरी मागे टाकून नगर-मनमाड रस्त्यानं कोपरगावकडे निघालात, की ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीवर एक व्हीटेकदादा सापडतो. वय पन्नाशीच्या पुढं, सात-आठ एकर बागायत, कारखान्याचा सभासद. दारात पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीच्या आत, २००१ च्या आसपासची होंडा सिटी. बाकी माणूस सरळ असतो. फक्त ही गाडी दुरुस्त करायची की देऊन टाकून नवी घ्यायची, हा विषय त्याच्यासमोर काढायचा नसतो. काढावाही लागत नाही. तो स्वतःच काढतो.

तरुण वाचकांना सांगायला हवं. होंडानं सिटी भारतात आणली १९९८ साली, आणि २००० साली तिच्यात दीड लिटरचं व्हीटेक इंजिन बसवलं. ताकद १०६ अश्वशक्ती. मारुती आठशे ३७ अश्वशक्तीवर अख्खं कुटुंब आणि वर मुराळ्याला घेऊन जात होती, त्या काळातली ही गोष्ट. फेरारी, पोर्शे मुंबईकरांनी बघाव्यात. आमच्या जिल्ह्याची स्पोर्ट्स कार हीच. टॅकोमीटरचा काटा वर चढला, की इंजिनाचा आवाज बदलायचा आणि पाठ सीटला चिकटायची. दादांची त्या वेळी चिकटलेली पाठ अजून सुटलेली नाही.

दादांचा सकाळचा कार्यक्रम बघण्यासारखा असतो. आधी ताडपत्री निघते, तीही घडी घालून. बॉनेट उघडतं. दादा ऑइलची पट्टी बाहेर ओढतात, जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसतात, परत घालतात, परत काढतात. ऑइल दोन बोटांत चोळून उन्हात धरतात, वास घेतात. मग स्टार्टर. थंड इंजिन आधी जरा मोठ्यानं बोलतं, मग हळूहळू खाली येतं. तोवर घरात कोणी मिक्सर लावायचा नाही. 'टॅपेटचा आवाज येतोय,' दादा म्हणतात. 'मला तर तुमचाच येतोय,' वहिनी आतून म्हणतात.

नव्या गाडीविषयी दादांचं मन २००३ सालीच उडालं. त्या वर्षी सिटीचं नवं मॉडेल आलं. दादा हौसेनं बघायला गेले. सेल्समननं मायलेज सांगितलं, डिकीची जागा दाखवली. दादांनी ताकद विचारली. उत्तर आलं, ७७. '१०६ वरून ७७ वर येण्याला तुम्ही नवीन म्हणता?' एवढं बोलून दादा जे बाहेर पडले, ते त्या दुःखातून अजून बाहेर पडलेले नाहीत. पुढं व्हीटेक परत आलं, पण दादांनी ते मनावर घेतलं नाही.

तरी दरवर्षी उसाचा पहिला हप्ता खात्यात पडला, की नव्या गाडीचा विषय निघतो. दादा नगरला जातात, तीन शोरूम फिरतात, तिन्ही ठिकाणी चहा घेतात. टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा पोरगा शेजारी बसून जीव मुठीत धरतो. परत आल्यावर निकाल ठरलेला. 'गाडी चांगली आहे. पण तिच्यात आपल्याला काही कामच नाही. गिअर ती टाकते, लाइट ती लावते, पट्टा लावला नाही तर ओरडतेही तीच. असं एक माणूस घरात आहे की!'

पुण्याला आयटीत असलेल्या मुलानं एकदा एक्सेलमध्ये हिशेब मांडला. क्लच प्लेट, लोअर आर्म, बुश, रेडिएटर, एसीचा कॉम्प्रेसर. पाच वर्षांची बेरीज गाडीच्या आजच्या किमतीच्या दुप्पट. दादांनी चष्मा लावून सगळं वाचलं. 'बरोबर आहे. एवढा पैसा घातलाय, मग आता विकायची म्हणजे तो पाण्यात घालायचा का?' मुलगा गप्प झाला. दादांनी लगेच दुसरा मुद्दा टाकला. 'आणि वर्षाच्या खर्चाला बारानं भाग दे. नव्या गाडीचा एक हप्ता तरी बसतो का त्यात?' हे गणित मात्र खरंच बरोबर होतं, आणि त्याचाच मुलाला जास्त राग आला.

सरकारनंही प्रयत्न करून पाहिला. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी २०२२ साली ६०० रुपयांची ५,००० केली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांना १०,००० लावली. जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हा हेतू. दादांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. 'वर्षागणिक सरकारदरबारी भाव वाढतोय, अशी दुसरी गाडी दाखवा जिल्ह्यात.' भंगारात दिल्याचा दाखला आणला तर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, असं मेहुण्यानं सुचवलं. त्या दिवशी मेहुण्याला जेवायला वाढलं, पण आग्रह झाला नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी आहे, तिच्या शेजारी ही लावू, असं मुलगी चेष्टेनं म्हणाली. दादांनी विचारलं, 'तिथं रोज चालू करून ठेवतात का?'

दुरुस्तीलाही मुहूर्त लागतो. शिंगणापूर एवढं जवळ असताना शनिवारी तेल आणि लोखंड विकत घ्यायचं नाही, म्हणजे ऑइलही नाही आणि पार्टही नाही. शुक्रवारी मिस्त्रींचं गॅरेज बंद. उरलेल्या दिवसांत पार्ट मिळत नाही. मग कुर्ल्याच्या भंगारवाल्यांना फोन, पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर. एखाद्या दिवंगत सिटीचा चांगला डोअर हँडल मिळाला, तर दादा तो रुमालात गुंडाळून आणतात.

पण खरा घाव बसला तो घरातूनच. आमचा जिल्हा उसाचा. विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला तेव्हापासून इथं सहकाराची साखर पिकते, आणि आता इथेनॉलही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं. कारखान्याच्या वार्षिक सभेत डिस्टिलरी वाढवायचा ठराव आला, तेव्हा दादांनी दोन्ही हात वर केले होते. पुढच्याच हंगामात गाडी रस्त्यात बंद पडली. मिस्त्रींनी पेट्रोलचा रबरी पाइप काढून दादांच्या हातावर ठेवला. फुगलेला, मऊ पडलेला, नखानं सुटणारा. 'दादा, जुन्या रबराला हे नवं पेट्रोल सोसत नाही. तुमच्याच उसानं खाल्लाय हा.' दादा बराच वेळ पाइपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'म्हणजे रिकव्हरी चांगली आहे.'

दादांना हिशेब कळत नाही असं समजू नका. उसाला किमान भाव किती, ते दिल्ली ठरवते. भंडारदऱ्याचं आवर्तन कधी सुटणार, ते पाटबंधारे खातं ठरवतं, आणि जायकवाडीत पाणी कमी असलं की त्यातलं किती आपल्याला, ते आणखी वरचे ठरवतात. आपल्या उसाला तोड कधी, ते चिटबॉय ठरवतो, आणि टोळी आली तर ती खरी. २०२४ साली तर जिल्ह्याचं नावही बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. तेही दादांना विचारून नाही. दारातल्या या गाडीचं काय करायचं, एवढाच काय तो निर्णय त्यांच्या एकट्याच्या हातातला. असा निर्णय कोणी घेऊन संपवतो का?

अखेर पाडव्याला घरच्यांनी नवी गाडी आणलीच. उंच, पांढरी, बोलणारी. दादांनी स्वतः नारळ फोडला, हार घातला, पेढे वाटले. संध्याकाळी सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. सकाळी उठून बघतात तर व्हीटेक शेडमध्ये, ताडपत्रीच्या आत, जागच्या जागी. आणि नवी बाहेर, लिंबाच्या झाडाखाली, कावळ्यांच्या ताब्यात.

'अहो, नवी गाडी उन्हात?' वहिनींनी विचारलं.

दादा ऑइलची पट्टी पुसत म्हणाले, 'राहू दे. तिला वॉरंटी आहे.'