उतारावरचे भाऊकाका

कुणाकडे जेवायला जायचं, हे भाऊकाका बेत बघून नाही, रस्त्याचा उतार बघून ठरवतात. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलंय म्हणून त्यांचं निभावतंय. गाडी तापलेली असताना बंद केली, की सेल्फ नुसता ‘घुंऽ... घुंऽ...’ कण्हतो. मग हँडब्रेक सोडायचा, गाडी गडगडू द्यायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, की फुर्रर्र! सपाटीवर राहणारा सख्खा साडू यापायी दुरावला.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. काका तिला फियाटच म्हणतात. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तर इकडे यांनी दाढी केली नाही.

दुरुस्तीत त्यांना रस नाही, रस निदानात. ब्रेकच्या आवाजाचं तर व्याकरणच बांधलंय. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला ओरडली तर दव. रात्रीतून ड्रमला गंजाचा पातळ थर धरतो, तो आपोआप घासून जातो. दिवसभर चिरकली तर लायनर गुळगुळीत होऊन चकाकलेत, नाहीतर ड्रममध्ये भुकटी साठलीय. ड्रम उघडून साफ करा, लायनरवर पॉलिश पेपर मारा. आणि ‘खर्रर्र’ आलं तर लायनर संपून रिबिटा ड्रम खाताहेत, तिथे मात्र चालढकल नको. हे सगळं लोकांना सांगायचं. स्वतःचा पॉलिश पेपर डिकीत कोरा करकरीत आहे आणि गाडी गल्लीभर चिरकते आहे.

गरम गाडीचं निदानही ठरलेलं. “पेट्रोलची वाफ होते. पंपाला ती ओढवत नाही.” म्हणून इंजिनाला चिकटलेल्या पंपावर ओलं फडकं, काकूंच्या जुन्या पातळाचं. खंबाटकी घाटात बंद पडलेल्या परक्या गाड्यांवरही त्यांनी हा इलाज केलाय. त्यातली एक डिझेलची होती.

गॅरेजवाल्याच्या पोरानं एकदा तोंड उघडलं. “काका, वाफ असती तर सेल्फ झपाझप फिरला असता, नुसती गाडी लागली नसती. हितं सेल्फच जड फिरतोय. आन् उतारावर लगीच लागती म्हंजे पेट्रोल येतंय, करंटबी येतोय. अर्थिंगची वायर बघू का?”

“तुझ्या जन्माच्या आधीपासून ही गाडी मला ओळखते,” काका म्हणाले. विषय संपला.

त्यांच्यापुरता. काकूंनी त्यांची दुपारची झोप गाठून पोराला बोलावलं. बॅटरीची अर्थिंग बॉडीला जिथे बसते, तिथला नट गंजून ढिला झालेला. खालचा पत्रा रंग आणि मातीनं बुजलेला. गरम इंजिन फिरवायला सेल्फला लागणारा जोर त्या फटीतच जिरत होता. पोरानं पत्रा चकचकीत होईतो घासला, नट आवळला, चहा प्यायला आणि गेला.

चार दिवसांनी साडूच्या दारात, ठार सपाटीवर, तापलेली गाडी पहिल्या चावीला लागली. काकांनी बॉनेटवर थोपटलं.

“बघितलंस? फडक्याचा गुण यायला वेळ लागतो.”

काकू काही बोलल्या नाहीत. पोरगा आता ब्रेकलाही हात घालायला निघाला होता, त्याला मात्र त्यांनी अडवलं.

“तेवढं राहू दे बाबा. कोपऱ्यावर ओरडली की मी तवा ठेवते.”