दाजींच्या छताचं पोट

गुढीपाडव्याला ताईकडे पंगत बसली होती. श्रीखंडाची वाटी पुढे करता करता दाजींनी मान वर केली आणि ती वरच राहिली. हॉलच्या फॉल्स सीलिंगला पोट सुटलं होतं. फार नाही, लग्नानंतर पहिल्या वर्षी सुटतं तेवढंच.

"कारागीर बोलवा," ताई म्हणाली.

"घाई नको. आधी निरीक्षण."

दाजींची हयात बँकेत गेली. निरीक्षण म्हणजे नोंद, आणि नोंद केली की निम्मं काम झालं, अशी त्यांची श्रद्धा. दुसऱ्याच दिवशी समोरासमोरच्या भिंतींवर दोन खिळे ठोकून त्यांनी दोरी ताणली. रोज सकाळी चहाआधी शिडीवर चढून, पोट दोरीच्या किती जवळ आलं ते फूटपट्टीने मोजायचं आणि वहीत लिहायचं. तारीख, वेळ, मिलिमीटर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुधा 'लक्ष ठेवावे' असायचं. कोणी ठेवावे, ते नसायचं.

अशी माणसं प्रत्येक सोसायटीत दोन-तीन तरी असतात. त्यांना आळशी म्हणता येत नाही. दुरुस्ती सोडून बाकी सगळं ती मन लावून करतात.

पाणी गच्चीतूनच झिरपतंय, हे दाजींनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. त्यालाही कारण होतं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. म्हणजे पाणी गच्चीचं निघालं तर खर्च सोसायटीचा, नाहीतर दाजींचा. पाण्यापुढे पर्यायच नव्हता. सोसायटीला तीन पत्रं गेली. 'गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेल्याच वर्षी झालं आहे' असं एकच उत्तर तीनदा आलं.

तोवर घर त्या पोटाला सरावलं. सोफा भिंतीकडे सरकला, टीव्ही कोपऱ्यात गेला. पाहुण्यांना हाताला धरून पोटाच्या हद्दीबाहेर बसवायचे. विमा एजंट आला की मात्र दाजी मधली खुर्ची दाखवायचे. मे महिन्यात पोट जास्तच उतरलं, तेव्हा बांबूच्या टोकाला ताईचा गौरीचा पाट बांधून त्यांनी टेकू दिला. "बाहेरून पाठिंबा आहे," म्हणाले. "सरकारं चालतात, छत का नाही चालणार?"

जूनमध्ये पाऊस लागला आणि पोट वाढायचं थांबलं. गच्चीतून गळणारं पाणी पावसाळ्यात थांबलं, याचं दुसऱ्या कुणालाही नवल वाटलं असतं. दाजींनी शेरा लिहिला : 'स्लॅबमध्ये पाणी साठत आहे. झिरपण्यास वेळ लागेल.' ऑक्टोबरच्या उन्हात पोट पुन्हा वाढलं, तेव्हा त्यांना परीक्षेत पहिलं आल्यासारखं झालं.

दिवाळीच्या तोंडावर ताईने परस्पर एका कारागिराला बोलावलं. विशीतला पोरगा. आधी त्याने मेन स्विच पाडला, पोटाखाली बादली ठेवली आणि स्क्रूड्रायव्हरने नेमकं मधोमध भोक पाडलं. अर्धी बादली भरली. "बघ, गच्ची!" दाजी म्हणाले आणि पुरावा म्हणून वही पुढे केली. पोराने ती शांतपणे चाळली. मार्च ते मे वाढ, पावसात ठप्प, ऑक्टोबरला पुन्हा वाढ.

"काका, हे तर तुमच्या एसीचं टाइमटेबल आहे."

एसीचं पाणी नेणारा पाइप सीलिंगच्या आतून बाल्कनीकडे गेला होता. मध्येच त्याचा उतार गेला होता आणि सांधा सुटला होता. दमट दिवसांत एसी बादलीभर पाणी सहज सोडतो, ते सगळं सीलिंगच्या जिप्सम बोर्डाच्या पाठीवर साठत होतं. बत्तीस वर्षं लोकांच्या वह्यांतल्या चुका काढणाऱ्या माणसाने स्वतःची वही कधी वाचलीच नव्हती.

दाजींनी शेवटचा प्रयत्न केला. "वाळल्यावर होईल ना सरळ?"

"नाही होत, काका." जिप्समचा जोर दोन्ही बाजूंच्या कागदात असतो. आतला भुगा भिजून मऊ पडला की बोर्ड स्क्रूच्या डोक्यांवरून ओघळतो, आणि वाळला तरी वाकडाच राहतो. नुसते स्क्रू ढिले होऊन कोरडा बोर्ड लोंबला असता, तर वर ढकलून नव्या स्क्रूंनी आवळता आला असता. इथे पाइप आधी दुरुस्त झाला. मग भिजलेला भाग सांगाड्याच्या सेक्शनपर्यंत कापून काढला, साडेबारा मिलिमीटरचा नवा तुकडा नऊ-नऊ इंचांवर स्क्रू मारून बसवला, सांध्यांवर टेप आणि कंपाउंड. दोन दिवसांचं काम. रंगाला तिसरा, कारण ठिगळ दिसू नये म्हणून अख्खं छत रंगवावं लागलं.

पैसे दाजींनी दिले. सोसायटीला चौथं पत्र गेलं नाही.

तुमच्याही छताला पोट दिसत असेल तर आठवडाभर एसी बंद ठेवून बघा, नाहीतर सरळ कारागीर बोलवा. फक्त आमच्या दाजींच्या कानावर घालू नका. खिळे आणि दोरी त्यांनी अजून जपून ठेवली आहे.