नानांची अट

आमच्या चामटोलीत पाण्याची पातळी हा गप्पांचा विषय नाही, काळजीचा आहे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारावर प्रवाशांना पाण्यातून सोडवावं लागलं. त्यामुळे शेजारच्या नानांनी, म्हणजे रेल्वेतल्या निवृत्त गँगमननी, नातीच्या जुन्या लॅपटॉपवर पायथन शिकायला घेतलं, तेव्हा पहिला प्रोग्राम ठरलेलाच होता: रुळांवर पाणी किती, आणि गाडीने काय करायचं. नात नोकरीला पुण्यात, म्हणून शंका माझ्या दारात.

'पाणी' हे नाव पायथनने मुकाट घेतलं. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याला देवनागरी नावं चालतात. पण नानांनी पुढे ५० हा आकडाही देवनागरीत टाकला आणि ते अडलं.

"म्हणजे पाटी मराठीत, बिल इंग्रजीत!"

मग इफच्या ओळीअखेरचा कोलन राहिला. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून पायथन निदान 'इथे कोलन हवा' असं सांगतं. नातीच्या लॅपटॉपवर त्याआधीचं. ते नुसतं 'वाक्यरचना चुकली' म्हणून बोट दाखवतं.

"मी जन्मभर लाल झेंडा दाखवला," नाना म्हणाले, "एका ड्रायव्हरने विचारलं नाही, कोलन कुठाय म्हणून."

पुढे बरोबरचं चिन्ह. मी समजावलं, एक बरोबर म्हणजे किंमत ठेव, दोन बरोबर म्हणजे तेवढी आहे का ते बघ.

"एकदा म्हटलं की हुकूम, दोनदा म्हटलं की प्रश्न? आमच्या घरात उलटं आहे. पहिल्यांदा हिचा प्रश्नच असतो."

'एल्स इफ'चं 'एलिफ' करताना त्यांना हत्तीचं पिल्लू आठवलं. ओळी चार-चार जागा आत सरकवल्या आणि प्रोग्राम एकदाचा बिनतक्रार चालला. मी नव्वद सेंटिमीटर पाणी भरलं. उत्तर आलं: 'सावकाश जा'.

कारण साधं होतं. 'शून्याच्या वर असेल तर सावकाश' ही अट आधी, 'पन्नासच्या वर असेल तर थांबा' ही नंतर. पहिली अट खरी ठरली की पायथन खालच्या एलिफकडे ढुंकूनही बघत नाही.

नाना भडकले. "एका कोलनसाठी बोंबललं, आणि गाडी पुरात घातली तर गप्प?"

"नाना, ते फक्त व्याकरण तपासतं."

"मग त्याला बढती लवकर मिळेल."

त्यांनी 'थांबा' वर नेलं, नव्वद टाकून खात्री केली. मग खालच्या सगळ्या अटी एकेक करून पुसल्या.

"पावसाळाभर एवढीच पुरे."