जिभेला धार

छोट्या प्रतिकृती-रेल्वेचा सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा फाटा, घरी कानशीनं घासून करणारा माणूस रेल्वेचा शौकीन असतो, हा समज आधी काढून टाकू. तो स्वतःच्या बोटांचा शौकीन असतो. मी त्यातलाच, म्हणून छातीठोकपणे सांगतो. नुसती गाडीच पळवायची तर तयार सांधा फळीवर ठोकून तासाभरात मोकळं होता येतं. पण जेमतेम दोन मिलिमीटर उंचीचा रूळ घ्यायचा, टोकाकडं त्याचं डोकं नि पाया घासत न्यायचा, पात्याइतका पातळ झाला की शेजारच्या रुळाला टेकवून जोडावर नख फिरवायचं. नख अडलं की पुन्हा कानस! चाकाला असली अडचण जाणवत नाही आणि पाहुण्याला तर सांधाच दिसत नाही. त्याचं एकच, "गाडी कधी सुटणार?" कोल्हापुरात याला छंद म्हणत नाहीत, नाद म्हणतात.

तयार सांध्यात वाईट काय, असं कुणी विचारलं तर आमच्याकडं उत्तर तयार असतं: माप. १:८७ प्रमाणातल्या बाजारातल्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर, युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या हिशेबानं. आपला ब्रॉडगेज १६७६चा. त्याला सव्वाएकोणीस लागतात. आपलं इंजिन त्या रुळावर पाय आवळून उभं राहतं. १८९१ची मिरज-कोल्हापूर मीटर गेज करायची म्हटली तर साडेअकरा. बिनतोड युक्तिवाद आहे, पण पावणेतीन मिलिमीटरचा हा संताप म्हणजे मिरवण्याच्या हौसेला चढवलेला अंगरखा. मापाचंच दुखणं असतं तर चांदीचे पैंजण घडवणारी हुपरी हाकेच्या अंतरावर आहे. तिथला कारागीर हे काम आमच्यापेक्षा कितीतरी सफाईनं करील. मग आम्ही दाखवायचं काय? शिवाय रूळ जर्मन सिल्व्हरचा. तांबं, जस्त, निकेल. चांदी गुंजभरही नाही. हे नाव हुपरीत उच्चारायची माझी तरी छाती नाही.

आणि अवयवांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या घासलेल्या रुळाला रेल्वेवाले टंग म्हणतात, म्हणजे जीभ. जिभेच्या मागं टाच. पुढं रूळ एकमेकांना छेदतात तिथं आधी घसा, मग नाक, दोन्ही बाजूंना पंख. आणि या अख्ख्या छेदाला इंग्रजीत म्हणायचं बेडूक! टाचवाल्या जिभेमागचा पंखवाला बेडूक रोज लाखो माणसांना इच्छित स्थळी पोचवतो. जीभ जाड राहिली तर चाक ठेचकाळतं, फार पातळ झाली तर टोक वाकून फट पडते आणि चाक भलत्याच बाजूला शिरतं. एक चाक इकडं, एक तिकडं. राजकारणात अशी गाडी चालते, रुळावर ती पडते.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. कोल्हापूर शेवटचं स्टेशन. गाडी येते आणि आल्या वाटेनं माघारी जाते. इथं सांधे असतात ते इंजिन या टोकाचं त्या टोकाला न्यायला. पुढं जाणारा फाटा हवाय कुणाला? कोकणात वैभववाडीला उतरणारा रूळ वर्षानुवर्षं कागदावरच घाट उतरतोय. माझ्या फळीवरचा दुसरा फाटा तिकडंच वळवलाय. वीतभर पुढं फळी संपते, पण जीभ त्या बाजूलाच लावून ठेवलीय.