भैरवीला जागा कमी पडते

घरात रेकॉर्ड प्लेयर आला की पहिला परिणाम माणसांच्या चालण्यावर होतो. सिंहगड रोडवरच्या आमच्या साडूंच्या फ्लॅटमध्ये रेकॉर्ड चालू असताना हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं असेल तर टाच टेकवायची नाही. टाच टेकली की सुई उडते, सुई उडाली की साडू उडतात. केर काढणाऱ्या मावशींनी तर एकदा स्पष्टच सांगून टाकलं, "काका, तुमचं गाणं संपलं की मला मिस्ड कॉल द्या, मग येते."

साडू बँकेतून निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीच्या रकमेचा वास तबकड्यांना कसा लागला कोण जाणे. आता त्यांच्याकडे गवंड्याची पाणसळ आहे. ती प्लेयरवर आडवी ठेवून, मग उभी ठेवून, बुडबुडा मधोमध येईपर्यंत ते पायाखाली व्हिजिटिंग कार्डांचे तुकडे सरकवत बसतात. सुईचा भार दीड ते दोन ग्रॅम लागतो, तो मोजायला एक छोटा काटा आहे. तो मात्र डिजिटल आहे. त्याशिवाय एक वेगळा डबा. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. वाजवताना हे सगळं उलटं करून घ्यावं लागतं, ते काम या डब्याचं. डब्याची किंमत विचारली की साडू चहा टाकायला उठतात.

तर या गृहस्थांचा आग्रह असा, की मीही प्लेयर घ्यावा. फोनवर मी जे ऐकतो ते गाणं नव्हेच, गाण्याचा पंचनामा आहे, असं त्यांचं मत. त्यांचा मुख्य मुद्दा पायऱ्यांचा. 1982मध्ये सीडी आली ती सेकंदाला 44,100 नमुने घेऊन. म्हणजे सुराच्या सलग रेषेच्या पायऱ्या झाल्या आणि दोन पायऱ्यांमधलं गाणं गेलं. ऐकायला हे पटण्यासारखं आहे, फक्त खरं नाही. आवाजातल्या सर्वात वरच्या कंपनाच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले तर मूळची रेषा जशीच्या तशी परत मिळते. माणसाचा कान तरुणपणी वीस हजार हर्ट्झपर्यंत पोचतो, त्याला 44,100 पुरून उरतात. हळू आणि मोठा यांतलं अंतरही सीडी रेकॉर्डपेक्षा बरंच जास्त पेलते. आणि वीस हजारांच्या वर काय हरवतं यावर ज्या वेळी आम्ही दोघं तावातावाने साठीतले लोक भांडतो, त्या वेळी दारावरची बेल तिसऱ्यांदा वाजलेली असते आणि ती फक्त आमच्या मेहुणीला ऐकू आलेली असते.

मग ऊब येते. रेकॉर्डच्या आवाजाला म्हणे ऊब असते. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला असताना एका रेकॉर्डला तीन हजार रुपये मोजून ऊब कशाला घ्यायची, हा माझा प्रश्न त्यांना पोरकट वाटतो. (त्याच उन्हात रेकॉर्ड खिडकीशी विसरली तर ती वाकडी होते, हे वेगळंच.)

या उबेची परीक्षा 2022मध्ये अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियातली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी थेट मूळ फितीवरून अव्वल रेकॉर्डी काढणारी म्हणून दर्दी लोकांत पूज्य. तिच्या खास आवृत्तीला शंभर डॉलरच्या वर मोजायचे आणि ऐकताना डोळे मिटायचे. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या 40,000 प्रती काढणार असं तिने जाहीर केलं, तेव्हा काहींच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. थेट मूळ फितीवरून एवढ्या प्रती काढायच्या तर मूळ फीत कितीतरी वेळा वाजवावी लागेल, आणि तेवढी घासायला ती देईल कोण? चौकशी झाली आणि कंपनीनेच कबूल केलं, की मध्ये एक डिजिटल पायरी आहे, आणि तीही बरीच वर्षं. ज्या कानांना एका पायरीने गाणं मेल्याचं कळतं असा दावा होता, ते कान इतकी वर्षं त्याच पायरीवर बसून ऊब घेत होते. हे मी साडूंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ती अमेरिकन ऊब."

आपल्या संगीताचं एक दुखणं तर मला रेकॉर्डवाल्यांकडून कधी ऐकायला मिळालं नाही. एलपी मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, कडेला असो की लेबलाशी. कडेला एका सेकंदात सुईखालून अर्धा मीटरभर खाच सरकते. आत लेबलाजवळ पोचेपर्यंत तेवढ्याच वेळात जेमतेम एकवीस सेंटीमीटर. म्हणजे शेवटच्या गाण्याला पहिल्याच्या निम्म्याहून कमी जागा. आवाज तिथे दाटीवाटीने बसतो आणि 'स'कार फाटतात. आता आपल्याकडे शेवटी काय असतं? भैरवी. अख्खी मैफल जिच्यासाठी थांबलेली असते तीच नेमकी लेबलाला चिकटून, शेवटच्या एसटीतल्या प्रवाशासारखी अंग चोरून उभी. पहिल्या बाजूच्या कडेला ऐसपैस बसतो तो विलंबितातला आलाप, ज्याच्या वेळी निम्मे श्रोते अजून चपला ठेवायला जागा शोधत असतात.

असं सगळं असूनही मी साडूंकडे जातो, ते रेकॉर्डच्या पाठीसाठी. एलपीचं मोठं चौकोनी कव्हर उलटं केलं की मागे लिहिलेलं असतं: राग कोणता, ताल कोणता, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, आणि बहुतेक वेळा रागाबद्दल दोन परिच्छेद, जे नाकाशी धरून वाचता येतात. फोनवर हेच गाणं काढा. गायकाचं नाव आहे. तबलजी गायब. हार्मोनियमवाला गायब. ज्या माणसाने वीस मिनिटं ठेका धरून ठेवला, त्याचं नाव ठेवायला ढगात जागा नाही म्हणतात. आणि गायकाच्या जागी कधी कधी रेकॉर्ड कंपनीचंच नाव. शिवाय फुकटात ऐकणाऱ्याला मारव्याचा धैवत लागतो न लागतो तोच घरकर्जाची जाहिरात. एकदा ती बरोबर समेवर आली, तेव्हा मी नकळत दाद दिली.

तेव्हा माझा निकाल असा: ऐकायला डिजिटल, वाचायला रेकॉर्ड. नव्या छापलेल्या रेकॉर्डी तर मुळीच नकोत. त्यातल्या पुष्कळ डिजिटल फाइलवरूनच कापलेल्या असतात. महिन्याला दीडशे रुपयांत जी फाइल मिळते तीच तीन हजारांत प्लॅस्टिकवर कोरून घ्यायची आणि वर तिला ब्रशने पुसत बसायचं, हा व्यवहार बँकेत जन्म काढलेल्या माणसाने करावा याचं मला नवल वाटतं. अमेरिकेत 2023मध्ये ल्युमिनेट या संस्थेने पाहिलं, तर रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच प्लेयर होता. हे ऐकून मेहुणी म्हणाली, "उरलेल्या निम्म्यांच्या घरात माणसं टाच टेकवून चालत असतील."

जुनी मात्र घ्यावी, जी कुठल्याच ॲपवर सापडत नाही ती. म्हणून रविवारी आम्ही दोघं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो. वाटेत रिक्षात साडूंनी हुकमाचा पत्ता काढला: केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', 1977मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवली, आणि तीही सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. सोबत सुई दिली, कार्ट्रिज दिलं आणि कसं लावायचं याच्या आकृत्या कव्हरवर कोरून दिल्या. "कॅसेट नाही पाठवली," साडू म्हणाले. मी विचारलं, प्लेयर कुठाय? जास्तीची सुई कुठाय? पाणसळ? त्यावर ते रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागले. पण मला मनातून मुद्दा आवडला होता, विशेषतः ती तबकडी मिनिटाला 16⅔ फेऱ्यांनी वाजते हे वाचलेलं असल्यामुळे. तेवढा हळू चालणारा प्लेयर आता सहजासहजी मिळत नाही.

जुन्या बाजारात मिळतो. लोखंडी बिजागऱ्या, नळ आणि एका फुटक्या पितळी समईच्या मध्ये एक हिरवट प्लेयर होता. त्याच्या खटक्यावर चार आकडे: 16, 33, 45, 78. साडू गुडघ्यावर बसले आणि खटका 16वर सरकवून बोटाने ताटली फिरवून पाहू लागले. मी विक्रेत्याला विचारलं, "या सोळावर काय लावतात हो?"

"काही नाही लावत साहेब," तो म्हणाला, "पण पैसे चारही स्पीडचे पडतील."